कॉलेज ठाण्यात, विद्यापीठ सात जिल्ह्यांत: पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी वाटाड्या

तुमचा प्रवेश ठाण्याच्या जोशी-बेडेकरला झाला असेल, बांदोडकरला, ज्ञानसाधनाला, किंवा वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयात. गुणपत्रिकेवर आणि पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं असणार आहे. बहुतेक मुलं हे विसरतात. तीन वर्षं कॉलेज, क्लास, घर एवढाच त्रिकोण फिरतात आणि विद्यापीठाशी त्यांची गाठ पडते ती फक्त निकाल लागला नाही की. हा लेख त्यासाठीच आहे. कागदपत्रांचं जे काम आहे ते लवकर उरकू, कारण मला जे मनापासून सांगायचं आहे ते पुढे, क्षेत्रप्रकल्पाच्या, म्हणजे वर्गाबाहेर लोकांत जाऊन करायच्या अभ्यासाच्या, भागात आहे.

आधी विद्यापीठ ओळखून घ्या

स्थापना १८ जुलै १८५७. कार्यक्षेत्र सात जिल्हे: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. म्हणजे तुमच्याच विद्यापीठाचा एक विद्यार्थी सावंतवाडीत बसलेला असतो आणि एक डहाणूला.

परिसर अनेक आहेत. फोर्टला राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृह आणि प्रशासनाचा जुना भाग. सांताक्रूझ पूर्वेला कलिना, म्हणजे विद्यानगरी: बहुतेक पदव्युत्तर विभाग, परीक्षा भवन आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय तिथे आहे. ठाणेकरांसाठी बाळकुमला ठाणे उपपरिसर २०१४ पासून आहे; कायदा आणि व्यवस्थापनाचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम तिथे चालतात. कल्याणलाही उपपरिसर आहे. नोकरी करत शिकायचं असेल तर पूर्वी ज्याला सगळे आयडॉल म्हणायचे, ते आता दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात विचारा: आपलं कॉलेज संलग्नित आहे की स्वायत्त? ठाण्या-नवी मुंबईतली बरीच कॉलेजं आता स्वायत्त आहेत. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र विद्यापीठच देतं. पेपर तपासणीची तक्रार असेल तर तुमचा अर्ज कॉलेजच्या परीक्षा विभागात जायचा की कलिन्याला, हे या एका उत्तरावर ठरतं. चुकीच्या खिडकीत आठवडा गेला की पुनर्मूल्यांकनाची मुदत संपते.

कागद: एका बैठकीत करून टाका

पीआरएन म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक. तो पाठ करा, निदान फोनमध्ये लिहून ठेवा. डिजिलॉकरवर खातं उघडून श्रेयांक (क्रेडिट) बँकेचा आयडी, म्हणजे एबीसी, काढून घ्या. तुमचे श्रेयांक तिथे जमा होतात आणि कॉलेज बदललं किंवा मध्येच वर्ष सोडलं तरी ते राहतात. नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि कॉलेजच्या अर्जावर अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आताच बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे शेवटच्या वर्षाला कार्यालयाच्या खेपा घालणारी मुलं दरवर्षी दिसतात.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे राज्य सरकारचं संकेतस्थळ. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे अर्ज तिथेच भरतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांना तहसील कार्यालयातून वेळ लागतो, म्हणून अर्ज सुरू होण्याची वाट न पाहता दाखले काढून ठेवा. बँकखातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. मुलींनी हेही लक्षात ठेवा: २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बिचकू नका. कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर जाऊन सरळ विचारा.

प्रवास आणि राहणं

कॉलेजमधून रेल्वेचा कन्सेशन फॉर्म घेतला की सीझन पास निम्म्या दरात मिळतो. फॉर्मवरची मुदत बघूनच खिडकीवर जा. मुंबईकडे जायचं असेल तर सकाळी ठाण्याहून सुटणारी लोकल धरा. कल्याण-डोंबिवलीहून भरून येणाऱ्या गाडीत दारात लटकून पहिला तास गाठण्यात कसलाही पराक्रम नाही. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे ट्रान्स हार्बर: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. कलिन्याला जायचं तर ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशी-नेरुळहून हार्बरने कुर्ला, आणि कुर्ला पश्चिमेहून बस किंवा शेअर रिक्षा. फोर्टसाठी सीएसएमटीला उतरून चालत. बाळकुमसाठी स्टेशनबाहेरून टीएमटीची बस.

मुरबाड, शहापूर, कोकण किंवा आणखी लांबून आलेल्यांनी आधी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी करावी. खोली भाड्याने घेणारे बरेचजण कळवा, घणसोली, कोपरखैरणे इथल्या गावठाणांत राहतात. चौघांत खोली घेतलीत तरी भाडेकरार करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. शिष्यवृत्तीच्या भत्त्यालाही तो लागू शकतो.

वाचायला जागा हवी असते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती नसते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं आणि अजून चालू आहे. त्याचं सभासद होणं हा मी नव्या मुलांना देत आलेला पहिला सल्ला आहे. जिल्ह्याचा इतिहास, गॅझेटियर, जुनी मराठी मासिकं: प्रकल्पासाठी लागणारं बरंच काही तिथे हाताशी येतं. कलिन्याच्या ग्रंथालयात बसायचं असेल तर आपल्या ग्रंथपालांना आधी भेटा, कोणतं पत्र लागेल ते तेच सांगतील. आणि घरबसल्या शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात, फुकट. ठाणे खाडी असा शोध घेऊन पाहा. आपण रोज पुलावरून जे पाणी ओलांडतो त्याबद्दल किती लोकांनी किती वर्षं काम केलंय ते कळेल.

एनएसएस, डीएलएलई, युवा महोत्सव: निवड कशी करायची

पहिल्या महिन्यात प्रत्येक टेबलावरून बोलावणं येतं आणि मुलं सगळीकडे नाव देतात. एकच घ्या, फार तर दोन.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा आराखडा आहे. ठाणे जिल्ह्यातली शिबिरं बहुधा शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या गावांत होतात. वनराई बंधारा घालणं, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्याचं वाहतं पाणी अडवणं, हे त्यातलं नेहमीचं काम. पाऊस संपल्यावर ओढा आटायच्या आत हे करावं लागतं. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. ज्यांनी कधी गोणी उचललेली नाही त्यांनी एनएसएसमध्ये जरूर जावं.

आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग, म्हणजे डीएलएलई, हे विद्यापीठाचं स्वतःचं अंग आहे. स्त्रियांचं समाजातलं स्थान, लोकसंख्या शिक्षण, अन्नपूर्णा योजना, करिअर प्रकल्प यांपैकी एक विषय घेऊन वर्षात १२० तास काम करायचं असतं. वर्षअखेरीला ‘उडान’ महोत्सवात पथनाट्य, पोस्टर होतात. माणसांशी बोलायला संकोच वाटतो अशा मुलांना हे जास्त जमतं, कारण हातात प्रश्नावली असते.

नाटक, लोकनृत्य, वक्तृत्व यांची ओढ असेल तर युवा महोत्सव. त्याच्या विभागीय फेऱ्या होतात, आणि वरच्या टप्प्यावर आंतरविद्यापीठ ‘इंद्रधनुष्य’. खेळाडूंसाठी ‘अश्वमेध’. तालमी सत्राच्या सुरुवातीलाच सुरू होतात, त्यामुळे गणपतीनंतर बघू म्हणणाऱ्याला सहसा मागच्या रांगेत उभं राहावं लागतं.

क्षेत्रप्रकल्प: इथे थांबा, नीट वाचा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प आले आहेत, साधारण तिसऱ्या-चौथ्या सत्रात. प्रत्येकी सहसा २ श्रेयांक. क्षेत्रातल्या कामाला एका श्रेयांकामागे ३० तास धरतात, म्हणजे ६० तास. तुमच्या विषयात सत्र मागेपुढे असेल, पण ते येणार हे नक्की.

आता खरं सांगते. हे ६० तास कागदावर भरता येतात. इंटरनेटवरून उचललेली माहिती, दहा नातेवाइकांकडून भरून घेतलेला ऑनलाइन फॉर्म, तीन रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग. गुणही मिळतात. पण ज्या विद्यापीठाला आपण संशोधन विद्यापीठ म्हणतो, त्याचं संशोधन फक्त कलिन्याच्या प्रयोगशाळेत होत नाही. ते तुमच्या या ६० तासांत होऊ शकतं, आणि ठाणे-नवी मुंबईसारखी जागा त्यासाठी शोधून मिळायची नाही. अर्ध्या तासाच्या लोकलवर कोळीवाडे आहेत, नवी मुंबई वसवताना सिडकोसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ती गावठाणं आहेत, वागळे इस्टेट आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आहेत, येऊरचे पाडे आहेत. आणि त्यापलीकडे शहापूर, जिथल्या भातसा आणि तानसा धरणांतून मुंबईला पाणी जातं आणि जिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

विषय लहान घ्या. ‘ठाणे खाडीचं प्रदूषण’ हा साठ तासांचा विषय होत नाही. ‘चेंदणी कोळीवाड्यातून खाडीत जाणाऱ्या होड्या किती, आणि जाळ्यात आता काय लागतं’ हा होतो. ‘प्रकल्पग्रस्तांच्या समस्या’ फार मोठा. ‘घणसोली गावठाणातल्या एका आळीत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) पुढे काय झालं’ हा तुमच्या आवाक्यातला. वाणिज्यच्या मुलांना हे आपलं नाही असं वाटतं. का? टेंभी नाक्यावरच्या फुलवाल्याचा रोजचा हिशेब, उधारी, नवरात्रातली उलाढाल, यात आख्खा प्रकल्प आहे. विज्ञानवाल्यांसाठी खाडी तर दारातच आहे: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रापासून सुरुवात करा.

मग कॉलेजकडून पत्र घ्या. तुमचं नाव, विषय, मार्गदर्शक शिक्षकांची सही आणि शिक्का. हे पत्र कुणाला द्यायचं ते जागेवर अवलंबून: गावात ग्रामपंचायत, कोळीवाड्यात मच्छीमार संस्था, शाळेत मुख्याध्यापक. परवानगीशिवाय कारखान्याच्या गेटवर उभं राहून कामगारांना अडवू नका. त्यांची नोकरी धोक्यात येऊ शकते.

वेळ त्यांच्या सोयीने धरायची, तुमच्या वेळापत्रकाने नाही. कोळी माणूस भरती-ओहोटीवर चालतो. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचं गणित तिथीवर असतं, त्यामुळे ‘रविवारी अकराला येतो’ असं सांगून गेलात तर अंगणात जाळी वाळत असतील आणि माणूस खाडीत असेल. जुलैत भातलावणी चालू असताना शहापूर-मुरबाडला कुणी मोकळं नसतं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. डिसेंबरात पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि बंद दारं भेटतील, आणि तुम्ही अहवालात लिहाल की गावाची लोकसंख्या घटत आहे. असले निष्कर्ष खोटे असतात, जरी आकडे खरे असले तरी.

पहिल्या भेटीला फॉर्म नेऊ नका. नुसते जा, बसा, चहा दिला तर घ्या. कशासाठी आलोय ते सरळ सांगा: ‘काकी, आम्ही कॉलेजची मुलं, अभ्यासासाठी आलोय, यातून तुम्हाला योजना किंवा पैसे मिळणार नाहीत.’ हे शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. सर्वेक्षण म्हटलं की लोकांना सरकारी यादी वाटते आणि आशा लागते.

प्रश्न असे विचारा की उत्तर डोळ्यांसमोर उभं राहील. ‘पाणीपुरवठा समाधानकारक आहे का?’ याला ‘हो, आहे की’ एवढंच उत्तर येतं. ‘मावशी, काल पाणी कुठून आणलंत? किती खेपा झाल्या? कोण गेलं होतं?’ याला कालचा दिवस मिळतो. पाठोपाठ विहीर दाखवायला त्या स्वतःच उठतात, आणि तुम्ही चालत गेलात की अंतर किती ते तुमच्या पायांना कळतं. ते अंतर मोजून लिहा.

फोटो विचारून. लहान मुलांचे फोटो घरच्या मोठ्यांना विचारून, शक्यतो नकोच. आधार क्रमांक, बँकेचे तपशील कधीही मागायचे नाहीत. नावं वहीत लिहिलीत तरी अहवालात नको. आणि रेकॉर्डिंग करताना फोन खिशात लपवून ठेवणं हा विश्वासघात आहे, मग विषय कितीही चांगला असो.

त्याच संध्याकाळी टिपणं पक्की लिहा. तारीख, ठिकाण, किती वाजता ते किती वाजेपर्यंत, कोण भेटलं, काय दिसलं. परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाली तर तिथेच. ही वही म्हणजेच तुमच्या ६० तासांचा पुरावा. आठवड्याला शिक्षकांची सही घेत जा, शेवटी एकदम सगळ्या सह्या मागायची वेळ आणू नका.

सरकारी आकडे हवे असतील तर २०११ ची जनगणना आहे, आणि माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्याच पंधरवड्यात टाका. महापालिकेला ‘कचऱ्याची सर्व माहिती द्या’ असं विचारू नका. एक प्रभाग, एक वर्ष, एक बाब.

शेवटची पायरी बहुतेकजण करतच नाहीत, आणि माझ्या मते तिच्याशिवाय प्रकल्प अपुरा आहे. अहवाल कॉलेजात जमा केल्यावर त्याचं एक पान सोप्या मराठीत लिहा आणि परत जाऊन त्या लोकांना वाचून दाखवा. ते चुका काढतील. ‘तसं नाय पोरी, ती विहीर ग्रामपंचायतीची नाय, त्या घराची आहे’ असं कुणीतरी म्हणेल आणि तुमचा एक आख्खा परिच्छेद दुरुस्त होईल. त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत ठेवा. पाण्याच्या खेपांची नीट मोजलेली नोंद गावाच्या अर्जाला जोडता येते. मंत्रालयापर्यंत जाणाऱ्या निवेदनात आकडा असला की तो बाजूला सारणं अवघड जातं. विद्यापीठाचा समाजाला उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी अशा पानाकडे बोट दाखवेन.

काम चांगलं झालं असेल तर ते ‘आविष्कार’मध्ये न्या. राज्यातल्या विद्यापीठांमधलं हे संशोधन संमेलन २००६ पासून भरतं. मानव्यविद्या-भाषा, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण असे गट असतात आणि पदवीच्या मुलांचा स्तर वेगळा असतो. आधी पोस्टर, मग सादरीकरण. मराठीत मांडणी करायला लाजू नका. परीक्षक पद्धत विचारतात: किती जणांशी बोललात, कसे निवडलेत, काय सुटलं असेल. ज्याने वही लिहिली आहे त्याला याची उत्तरं तोंडपाठ असतात.

अडलं तर

परीक्षेत अंतर्गत आणि सत्रान्त गुण वेगळे मोजले जातात, दोन्हीकडे पास व्हावं लागतं. अंतर्गत परीक्षा चुकली तर त्याच आठवड्यात विषयशिक्षकांना लेखी कळवा. निकालात गडबड वाटली तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती बघून मग पुनर्मूल्यांकन. कायद्याने निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवा, हे माहीत असू द्या. उशीर झालाच आणि पुढचा प्रवेश अडला तर कॉलेजच्या पत्रासह परीक्षा भवनाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगण्याला पोच नसते.

रॅगिंग झालं तर गप्प बसायचं नाही. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, चोवीस तास. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं सूचनाफलकावर आहेत का ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, नसतील तर प्राचार्यांना विचारा.

पदवी मिळाल्यावर एक काम

विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेल्या १० जागा असतात. शुल्क किती, परीक्षा कधी, ग्रंथालयावर खर्च किती, हे प्रश्न तिथे मांडले जातात. सात जिल्ह्यांतून दरवर्षी एवढे पदवीधर बाहेर पडतात आणि मतदार म्हणून नाव नोंदवणारे त्यांच्या मानाने अगदी थोडे. तुमच्या मागे येणाऱ्या मुलांसाठी हे नक्की करा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण नोंदणीची मुदत त्याआधीच संपलेली असते. म्हणून पदवी प्रमाणपत्र हातात आलं की नोंदणी कधी सुरू होते याकडे लक्ष ठेवा, प्रमाणपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, आणि सुरू झाल्याच्या आठवड्यात अर्ज भरून टाका.